सरकारी वेबसाइटवर फाइली चढवणाऱ्या सगळ्या साहेब-मॅडमना : फाइल टाकल्यावर ती मोबाइलवर एकदा उघडून बघा

आदरणीय सर, मॅडम,

तुमच्यापैकी कोणी मंत्रालयात असेल, कोणी जिल्ह्याच्या ऑफिसात, कोणी परीक्षा विभागात, कोणी कंत्राटी कंपनीत बसून एखाद्या खात्याची वेबसाइट सांभाळत असेल, पण काम एकच, लोकांना लागणारा कागद पीडीएफ नाहीतर वर्ड फाइल करून वेबसाइटवर चढवायचा. मी त्याच्या दुसऱ्या टोकाला बसते. तालुक्याच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे आणि दिवसभर जी माणसं येतात त्यातली बरीचशी दारातूनच सांगत येतात, "ताई, फाइल उघडंना."

कुणा एका खात्याबद्दल मला बोलायचं नाहीये, म्हणून नाव कुणाचंच घेत नाही. पण जे रोज बघते ते तुमच्यापर्यंत जातच नाही असं मला वाटायला लागलंय, कारण फाइल उघडली नाही म्हणून कोणी तुम्हाला फोन करत नाही, माणूस सरळ सेंटरवर येतो, नाहीतर "सर्व्हर डाऊन असेल" म्हणून घरी जातो, आणि तुमच्या रेकॉर्डला मात्र फाइल प्रसिद्ध झाली, दाखला दिला, सेवा वेळेत पूर्ण झाली असंच राहतं.

एक उदाहरण नीट सांगते. प्रवेशाच्या सीझनला एक काका आले, मुलीचं अलॉटमेंट लेटर प्रिंट करायचं होतं, कॉलेजला रिपोर्टिंगची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. फाइल मोबाइलमध्ये होती, नाव बरोबर, शेवटी डॉट पीडीएफ बरोबर, पण उघडली की "कॅनॉट ओपन फाइल" म्हणायचं. त्यांनी दोन-तीन वेगळी पीडीएफ अॅप टाकून बघितली होती, कोणीतरी सांगितलं फोनला व्हायरस आलाय, म्हणून फोन रिसेट करायच्या तयारीत होते बिचारे. मी ती फाइल कॉम्प्युटरवर घेतली आणि आधी साइज बघितली, २ केबी. २ केबीमध्ये सही-शिक्क्याचं, लोगोवालं लेटर बसूच शकत नाही. मग तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली. खरी पीडीएफ असली की नोटपॅडमध्ये सगळ्यात पहिल्यांदा टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून पीडीएफ ही तीन अक्षरं, पुढे व्हर्जनचा नंबर दिसतो, बाकी सगळा कचरा दिसला तरी ते दिसतंच. इथे पहिल्याच ओळीत एचटीएमएल, म्हणजे वेबपेज लिहायची भाषा, होती आणि खाली मधेच "सेशन एक्सपायर्ड, प्लीज लॉगिन अगेन". म्हणजे काय झालं, तर पोरगीने लॉगिन केलं, मधे जेवायला गेली असेल नाहीतर रेंज गेली असेल, तेवढ्यात सेशन, म्हणजे लॉगिन चालू राहायची वेळ, संपली, तिने डाउनलोडचं बटण दाबलं, आणि तुमच्या सर्व्हरने लेटरच्या ऐवजी लॉगिनचं पान पाठवलं, पण नाव दिलं अलॉटमेंट लेटर डॉट पीडीएफ. पुन्हा लॉगिन करून डाउनलोड केल्यावर दोन मिनिटांत काम झालं.

आता ह्यात काकांची काय चूक, पोरीची काय चूक. सेशन संपलं असेल तर स्क्रीनवर लॉगिनचं पान दाखवा, मराठीत एक ओळ लिहा की वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा. पण चुकीच्या मजकुराला पीडीएफचं नाव देऊन पाठवू नका, कारण फाइल डाउनलोड झाली की माणूस निवांत होतो, त्याला वाटतं कागद हातात आला, आणि उघडायला जातो ती शेवटच्या दिवशी.

ह्याचाच भाऊबंद असलेला एक प्रॉब्लेम आमच्यासारख्या सेंटरवाल्यांकडे पण होतो, हे पण सांगायला पाहिजे. बऱ्याच सेंटरच्या कॉम्प्युटरवर आयडीएम म्हणजे इंटरनेट डाउनलोड मॅनेजर टाकलेला असतो, तो क्रोमच्या मधे पडून पीडीएफची लिंक स्वतः पकडतो आणि सर्व्हरकडे वेगळी मागणी करतो, त्या मागणीबरोबर आपलं लॉगिन जाईलच असं नाही, मग एरर पेज येतं आणि तेच पीडीएफ म्हणून सेव्ह होतं. आयडीएमच्या ऑप्शन्समध्ये फाइल टाइप्समध्ये जाऊन त्या यादीतून पीडीएफ काढून टाकलं की हा त्रास जातो. माझ्यासारखे जे कोणी सेंटर चालवतात त्यांनी हे आजच करून टाका.

पण तुमचीच बाजू असलेल्या गोष्टी जास्त आहेत, त्यावर येते.

लिंक दाबली की पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडायला पाहिजे हे आता काही मोठं राहिलेलं नाही. कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये ही सोय २०१० पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०१३ पासून, एजमध्ये पण आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. तरी काही साइटवर लिंक दाबली की कोरं पान येतं नाहीतर सगळी चिन्हंच चिन्हं दिसतात नाहीतर नाव-गाव नसलेली फाइल उतरते जिला विंडोज विचारतं कशात उघडू. ह्याचं कारण बहुतेक वेळा फाइलमध्ये नसतं. सर्व्हर फाइल पाठवताना तिच्याबरोबर एक ओळ पाठवतो, डब्यावर चिठ्ठी लावतात ना तशी, आत काय आहे ते सांगणारी, तिला कंटेंट टाइप म्हणतात. तिथे अॅप्लिकेशन-स्लॅश-पीडीएफ पाहिजे. तिथे ऑक्टेट-स्ट्रीम लिहिलेलं असलं म्हणजे ब्राउझरला कळतं फक्त एवढंच की काहीतरी बायनरी आहे, मग तो उघडायच्या भानगडीत न पडता डाउनलोड करतो. टेक्स्ट लिहिलेलं असलं की तो पीडीएफ अक्षरं म्हणून छापायला जातो आणि सगळं पान कचऱ्याने भरतं. दुसरी एक ओळ असते, कंटेंट डिस्पोझिशन, तिथे अटॅचमेंट लिहिलं की जबरदस्तीने डाउनलोड, इनलाइन लिहिलं की ब्राउझरमध्येच दिसणार. नुसता वाचायचा कागद असेल, म्हणजे नोटीस, जीआर, वेळापत्रक, निवड यादी, तर इनलाइन ठेवा. ज्याचा डेटा महिन्याभराचा मोजून घेतलेला आहे आणि फोनची मेमरी भरलेली आहे त्याला आधी बघू तरी द्या की आपला कागद हाच आहे का.

आणि ज्या साइटवर प्रोग्रॅम फाइल तयार करून पाठवतो, म्हणजे पावती, हॉलतिकीट, दाखला, तिथे क्रोम मधेच "फेल्ड टू लोड पीडीएफ डॉक्युमेंट" म्हणून उभा राहतो. मी अशा फाइली नोटपॅडमध्ये उघडून बघते, तर वरती प्रोग्रॅमची वॉर्निंग छापलेली असते, अमुक लाइनवर तमुक व्हेरिएबल सापडला नाही वगैरे, आणि त्याच्या खाली खरी पीडीएफ सुरू होते. तुमच्या डेव्हलपरला सांगा, वॉर्निंग लॉगमध्ये लिहायच्या असतात, लोकांच्या हॉलतिकिटात नाही. त्याच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे.

आता फॉन्ट. ह्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ह्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि तुम्हाला ते दिसत पण नाही.

आपल्याकडच्या ऑफिसांमध्ये युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोन-कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी टायपिंगची पद्धत, आली तरी श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी असले जुने फॉन्ट अजून जिवंत आहेत, टायपिंग करणाऱ्यांचा हात त्यावर बसलेला असतो, त्यात मी त्यांना दोष देत नाही, वर्षानुवर्षं त्यांनी त्याच्यावर काम केलंय. पण त्या फॉन्टमध्ये "क" हा खरा "क" नसतो, इंग्रजी अक्षराच्या किंवा कुठल्यातरी चिन्हाच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट कॉम्प्युटरवर आहे तोपर्यंत मराठी दिसतं, फॉन्ट नाही तिथे खालचं मूळ चिन्ह उघडं पडतं. आता तुम्ही वर्डमधून पीडीएफ केली आणि फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड झाला नाही, म्हणजे फाइलच्या आत बसला नाही, तर तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती फाइल एकदम व्यवस्थित दिसणार, शेजारच्या टेबलावर दिसणार, साहेबांच्या केबिनमध्ये पण दिसणार, कारण सगळीकडे तो फॉन्ट टाकलेला आहे. आणि गावातल्या बाईच्या मोबाइलवर तिच्या नावाच्या जागी कंस, टक्का, उलटं स्वल्पविराम, इंग्रजी कॅपिटल आणि मधे मधे चौकोन.

अशी एक अनुदानाची यादी मी बघितलीय. मावशी आल्या, म्हणाल्या गावात सगळे म्हणत्यात यादी लागली, माझं नाव बघ गं बाई. यादी उघडली तर आकडे सगळे वाचता येत होते, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, आणि नावाच्या कॉलमात एक अक्षर मराठी नाही. सर्च मारून उपयोग नाही, कारण फाइलमध्ये मराठी अक्षरंच नाहीत. शेवटी मावशींचा गट नंबर विचारला, त्यावरून ओळ शोधली, क्षेत्र जुळतंय बघितलं, तेव्हा खात्री झाली. ज्यांना गट नंबर पाठ नाही त्यांनी काय करायचं?

उपाय अवघड नाही हो. एक तर मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे नाव शोधता पण येईल आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचं स्क्रीन रीडर ते वाचून पण दाखवेल. आणि पीडीएफ करताना वर्डमध्ये सेव्ह अॅज पीडीएफ निवडल्यावर तिथेच ऑप्शन्सचं बटण असतं, त्यात पीडीएफ-ए ची टिक असते, काही वर्डमध्ये तिच्यावर आयएसओ १९००५ असा नंबर पण लिहिलेला असतो, ती टिक करा. पीडीएफ-ए हा कागद वर्षानुवर्षं जपून ठेवण्यासाठीच २००५ मध्ये ठरवलेला प्रकार आहे आणि त्याचा नियमच असा की लागणारा फॉन्ट फाइलच्या आत पाहिजे. झालं का ते तपासायचं असेल तर अडोबी रीडरमध्ये फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्ट्स म्हणून टॅब आहे, प्रत्येक फॉन्टपुढे एम्बेडेड लिहिलेलं पाहिजे. नसेल तर ती फाइल चढवू नका.

काही जण ह्यावर उपाय म्हणून कागद प्रिंट करून पुन्हा स्कॅन करून टाकतात. दिसतं बरोबर, पण मग ते चित्र होतं. सर्च होत नाही, कॉपी होत नाही, आणि स्कॅनर मोठ्या रिझोल्यूशनवर ठेवून रंगीत स्कॅन केलं की दहा पानांच्या नोटिशीचे ४० एमबी होतात. आमच्याकडे संध्याकाळी नेट कसं चालतं ते तुम्ही येऊन बघा एकदा. अर्ध्यात तुटलं की फाइल मोडकीच राहते, क्रोममध्ये तिच्या नावाच्या शेवटी सीआरडाउनलोड लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं हा कुठला तरी वेगळा फॉरमॅट आहे, कशात उघडायचा विचारत येतात. तो फॉरमॅट नाही, उतरायची राहिलेली फाइल आहे, ती काढून टाकून पुन्हा उतरवायची. स्कॅन करणं भागच असेल, सहीचा कागद असतो, समजू शकते, तर काळा-पांढरा, जरुरीपुरत्या रिझोल्यूशनवर करा आणि लिंकच्या बाजूला साइज लिहा. हे माझं म्हणणं नाही फक्त, सरकारी वेबसाइटसाठी केंद्राच्या ज्या मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये आल्या, ज्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, त्या तुमच्याकडे असणारच, लिंकजवळ फाइलचा प्रकार आणि साइज द्यायचा ही गोष्ट त्यातलीच आहे.

वर्डच्या फाइलींबद्दल पण बोलते. ब्राउझर पीडीएफ दाखवतो, वर्डची फाइल बहुतेक वेळा स्वतःहून दाखवत नाही, ती उतरते आणि ज्याच्याकडे वर्ड नाहीतर तसलं अॅप आहे त्याच्याकडेच उघडते. त्यातही डॉट डॉक म्हणजे २००७ च्या आधीचा फॉरमॅट, तो मोबाइलवर उघडला तरी रकाने विस्कटतात, फॉर्मच्या रेघा एका पानावर आणि मजकूर दुसऱ्या पानावर. भरून द्यायचा अर्ज वर्डमध्ये द्यायचा असेल तर जरूर द्या, पण बाजूला त्याचीच पीडीएफ ठेवा. आणि यादी किंवा परिपत्रक रार करून, म्हणजे फाइली दाबून एकत्र बांधायच्या त्या प्रकारात, टाकू नका, साध्या मोबाइलवर रार उघडत नाही आणि ते उघडायला लोक कसली कसली जाहिरातवाली अॅप टाकतात ते मी रोज काढून देते.

फॉर्मचाच अजून एक प्रकार आहे, उघडला की पूर्ण पानावर इंग्रजीत एकच वाक्य, "प्लीज वेट", आणि खाली की तुमचा पीडीएफ व्ह्यूअर हा प्रकार दाखवू शकत नसेल. लोक खरंच थांबतात. एक भाऊ तासभर फोन तसाच चालू ठेवून बसले होते, बंद केला तर परत पहिल्यापासून सुरू होईल ह्या भीतीने. ते वाक्य कधीच जाणार नसतं. तो एक्सएफए नावाचा जुना फॉर्म असतो, अडोबीच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरसाठी बनवलेला, क्रोममध्ये त्याचं फक्त ते थांबायचं पानच दिसतं. फायरफॉक्सने २०२१ च्या शेवटी त्यासाठी सोय केली, म्हणून असा फॉर्म आला की मी कॉम्प्युटरवर फायरफॉक्समध्ये नाहीतर अडोबी रीडरमध्ये उघडते आणि बहुतेक वेळा चालतो. पण २०१७ मध्ये पीडीएफचं जे नवीन स्टँडर्ड आलं त्यात एक्सएफए मोडीत काढलेलं आहे. तरीही असे फॉर्म अजून साइटवर आहेत. ते साध्या पीडीएफ फॉर्ममध्ये नाहीतर वेबपेजवरच्या फॉर्ममध्ये बदला, मोबाइलवरून भरता येतील.

सहीचा विषय नाजूक आहे, पण घेते. डिजिटल सहीचा दाखला क्रोममध्ये उघडला की सही खरी का खोटी हे क्रोम तपासून सांगत नाही, तो नुसतं चित्र दाखवतो. अडोबी रीडरमध्ये उघडला की बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि "व्हॅलिडिटी अननोन" येतं. ह्याचा अर्थ दाखला खोटा असा नाही, त्या कॉम्प्युटरला सही देणाऱ्या संस्थेची अजून ओळख नाही एवढाच आहे. सहीवर राइट क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग शो सायनर्स सर्टिफिकेट, त्यात ट्रस्टच्या टॅबमध्ये अॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स, ओके ओके करत बाहेर येऊन व्हॅलिडेट केलं की हिरवी खूण येते. ज्या साइटवरून दाखला घेतला ती खरी सरकारी साइटच होती ना एवढी खात्री करून मगच हे करायचं. आता हे मला येतं, पण बँकेतल्या क्लार्कला नाही येत, शाळेच्या ऑफिसात नाही येत, ते प्रश्नचिन्ह बघून दाखला परत करतात आणि माणूस तहसीलला परत जातो ओल्या सहीसाठी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० पासून आहे, त्याच्या कलम ५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता आहे. मग ही चार ओळींची पद्धत मराठीत, स्क्रीनशॉटसकट, प्रत्येक दाखल्याच्या डाउनलोड पानावर का नसावी, आणि दाखला घेणाऱ्या ऑफिसांना तिचं परिपत्रक का जाऊ नये? सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो ही किती मोठी गोष्ट आहे, पूर्वी त्यासाठी दिवस मोडायचा. अशी मोठी कामं केलेली असताना समोरच्याला सही तपासता येत नाही म्हणून कागद परत येतो हे बघवत नाही.

पासवर्डचं तसंच. ई-आधारचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्माचं वर्ष हे आता पोरंसोरं पण सांगतात, कारण ते सगळीकडे सांगितलं गेलं. तुमच्या फाइलीला पासवर्ड असेल तर तो कसा बनतो हे डाउनलोडच्या बटणाच्या खालीच लिहा, दुसऱ्या कुठल्या तरी माहितीपुस्तिकेच्या मधल्या पानावर नको.

फाइलची नावं. मराठी नाव दिलेलं मला आवडतं, पण लिंकमध्ये काय होतं ते बघा. "शासन निर्णय" एवढ्या दोन शब्दांची लिंकमध्ये गेल्यावर टक्क्याच्या चिन्हांसकट ९३ अक्षरं होतात, कारण देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-वेलांटी-पाय मोडका धरून, नऊ-नऊ जागा लागतात. मग विषय पूर्ण लिहिलेल्या नावाची लिंक केवढी होते विचार करा. व्हॉट्सअपवर ती अर्धवट कॉपी होते, आणि नावात मोकळी जागा असेल तर लिंक तिथेच तुटते, पुढचा भाग साधा मजकूर होऊन राहतो, दाबलं की "फाइल नॉट फाउंड". नावाच्या पाटीवर मराठी ठेवा, पण फाइलचं खरं नाव छोटं, इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. कॅपिटल-स्मॉल पण सांभाळा, विंडोजच्या सर्व्हरवर दोन्ही चालतं, लिनक्सवर गेल्यावर चालत नाही, आणि साइट नवीन झाली की जुन्या सगळ्या लिंका मरतात त्यातल्या कितीतरी ह्याच कारणाने.

आता मोबाइल. येणाऱ्या माणसांकडे कॉम्प्युटर नाही, फोन आहे, तोही जुना. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये कितीतरी वर्षं पीडीएफ आतल्या आत दिसायची सोयच नव्हती, फाइल उतरायची आणि दुसऱ्या अॅपमध्ये उघडायची, आणि जुन्या फोनवर अजून तसंच आहे. तुम्ही पानाच्या आत चौकट करून तिच्यात पीडीएफ बसवता, ती तुमच्या मॉनिटरवर छान दिसते, फोनवर तिथे राखाडी चौकोन आणि एक ओपनचं बटण, किंवा काहीच नाही. चौकटीच्या खाली साधी सरळ डाउनलोडची लिंक द्या, बाकी काही नको. पीडीएफ नव्या खिडकीत उघडायची पद्धत ठेवली असेल तर पॉप-अप ब्लॉक होतो, फोनवर त्याची सूचना खाली कुठेतरी येते आणि जाते, लोकांना वाटतं बटणच चालत नाही, म्हणून दाबत राहतात. आणि फेसबुकवरच्या पोस्टमधून लिंक उघडली की ती फेसबुकच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते, तिथे बऱ्याचदा डाउनलोड होत नाही, वरच्या तीन टिंबांवर जाऊन बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायचं हे लोकांना कोणी सांगत नाही.

साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावर, नेली पण आतल्या फाइलींच्या लिंका जुन्या एचटीटीपीच्याच राहिल्या, हे पण खूप ठिकाणी आहे. क्रोमने २०२० पासून टप्प्याटप्प्याने अशी डाउनलोड अडवायला सुरुवात केली. लिंक दाबली की काहीच घडत नाही. एक एस अक्षर वाढवायचं काम आहे.

आमच्या बाजूने काय होतं ते पण लिहिते, सगळं तुमच्यावर ढकलत नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, अॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज, पीडीएफ डॉक्युमेंट्स, इथे कोणीतरी डाउनलोड पीडीएफ्स करून ठेवलेलं असतं, म्हणून उघडत नाही. अडोबीचं एक्स्टेन्शन मधे येऊन पान कोरं राहतं, ते कळायला कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून इनकॉग्निटोत तीच लिंक उघडायची, तिथे चालली तर एक्स्टेन्शनचा नाहीतर कॅशेचा, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या पानांचा, दोष. जुन्या कॉम्प्युटरचा बोर्डावरचा सेल संपलेला असतो, बंद करून चालू केलं की तारीख मागच्या कुठल्या तरी वर्षात जाते आणि प्रत्येक साइट असुरक्षित दिसायला लागते, तारीख नीट केली की सगळं सुरळीत. आणि विंडोज ७ अजून कितीतरी सेंटरवर आहे, त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही, २०२३ च्या सुरुवातीपासून. हे आम्ही आमचं बघून घेऊ, एकमेकांना सांगतो पण. पण तुमच्या साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा ब्राउझरला लागणारा दाखला, संपलं तर आमच्या हातात काय राहतं, "तरीही पुढे जा" दाबा असं लोकांना शिकवणं मला पटत नाही, उद्या तेच दाबून खोट्या साइटवर आधार नंबर टाकून येतील.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माहिती स्वतःहून जाहीर करायची, आणि लोकांना सहज मिळेल अशा प्रकारे जाहीर करायची, असं दोन्ही त्यात लिहिलंय. उघडत नसलेली फाइल पहिल्यात बसेल, दुसऱ्यात कशी बसवणार?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. फाइल चढवली की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघून थांबू नका. ऑफिसच्या वायफायवरून बाहेर या, शिपाईमामांचा नाहीतर कोणाचाही साधा अँड्रॉइड फोन घ्या, लॉगिन न करता, मोबाइल डेटावर ती लिंक दाबा, पान उघडलं का, मराठी वाचता येतंय का, एक नाव सर्च करून सापडतंय का बघा. मोठी यादी असेल तर शेवटचं पान उघडून बघा, पहिलं पान बरोबर आणि शेवटची गायब असं पण होतं. आणि प्रत्येक फाइलजवळ "फाइल उघडत नसेल तर इथे कळवा" म्हणून एक चालू असलेला नंबर किंवा मेल द्या, जो कोणीतरी खरंच बघतं. हेल्पलाइन आहे हे मला माहीत आहे, पण तिथे अर्ज क्रमांक विचारतात, आणि जाहिरातीची पीडीएफच उघडली नाही त्याच्याकडे अर्ज क्रमांक कुठून येणार.

शेवटची तारीख असलेल्या फाइलींपासून सुरुवात करा. प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, भरतीचे कागद आधी. ज्या फाइल दोन-चार दिवस उघडत नव्हत्या असं तुमच्याच सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसेल त्यांची मुदत तेवढे दिवस वाढवून द्या, आणि वाढवल्याची नोटीस युनिकोडमध्ये, साध्या वेबपेजवर लिहा, पीडीएफ करून नको.

आपली,
तालुक्याच्या गावातली एक सेंटरवाली